आईची कविता आणि फारसीचा प्राध्यापक



स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा विषय सुचवला होता, ‘मी ही वाट का निवडली?’ आपल्या वर्गातले डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतले, शेतीतले, दुकानदारीतले सगळे आपापल्या वाटेबद्दल लिहितीलच. माझी वाट चार ओळींत संपते. वाचायला आवडायचे, म्हणून दहावीनंतर कला शाखा घेतली, पुढे मराठी साहित्य घेतले आणि जन्मभर तेच शिकवले. निकालाच्या दिवशी घरी पेढे आले. मी काय घेणार ते कळल्यावर शेजारच्या काकूंनी पेढा हातात घेऊन आईकडे पाहिले आणि विचारले, मार्क तर चांगले आहेत ना? एवढीच माझी गोष्ट.

म्हणून स्वतःबद्दल लिहिण्याऐवजी दुसऱ्या एका माणसाबद्दल लिहिते. त्यांना आपण सगळे ओळखतो, पण ओळखतो हे बहुतेकांच्या लक्षात नसते. प्राथमिक शाळेत ‘प्रेमस्वरूप आई’ ही कविता आपण सगळ्यांनी म्हटली आहे. मधल्या रांगेतल्या दोघीजणी ती म्हणताना दरवेळी रडायच्या आणि बाकीचे त्यांना हसायचे, हेही आठवत असेल. ‘मराठी असे आमुची मायबोली’ हीसुद्धा आपण म्हटली आहे, पांढऱ्या गणवेशात, उन्हात उभे राहून. दोन्ही कवितांखाली एकच नाव असायचे: माधव जूलियन. हे कसले नाव, असे आपण बाईंना विचारले होते. ते मूळचे पटवर्धन, एवढे सांगून बाई पुढच्या धड्याकडे वळल्या. तास संपत आला होता. राहिलेले उत्तर आज देते.

माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यात झाला. त्या काळचे बडोदे म्हणजे गुजरातच्या मध्यावरचे मराठी दरबाराचे शहर. गादीवर सयाजीराव गायकवाड होते. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून गावोगाव वाचनालये उघडण्याचे काम हाती घेतले. माधवराव तेव्हा सोळा वर्षांचे होते. वाचनाची ओढ असलेल्या मुलाने जन्मायला जागा निवडायची म्हटली, तर यापेक्षा बरी जागा त्या वेळी हिंदुस्थानात फारशी नव्हती. रस्त्यावर गुजराती, दरबारात आणि घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि जुन्या कागदपत्रांत, गवयांच्या तोंडी फारसी-उर्दू. इतक्या भाषांच्या आवाजात वाढलेल्या मुलाचा कान तयार झाला नसता तरच नवल.

पुढे कॉलेजात विषय निवडायची वेळ आली. माधवरावांनी घेतले इंग्रजी आणि फारसी. ही निवड किती चमत्कारिक होती, हे आज सहज लक्षात येत नाही. पटवर्धनांच्या घरातल्या मुलाने संस्कृत घ्यायचे, हा त्या वेळचा सरळ रस्ता. संस्कृतला घरातून पाठबळ, शास्त्री-पंडितांचा शेजार आणि समाजात मान. फारसीचा काळ मात्र सरला होता. एकेकाळी ती दरबाराची भाषा होती, फारसी येणाऱ्याला कारकुनीपासून दिवाणगिरीपर्यंत दारे उघडी असत. पण इंग्रजांनी १८३७ मध्ये तिला कचेऱ्यांतून काढून टाकले, त्यालाही आता ऐंशी वर्षे होत आली होती. १९१६ साली बी. ए. होणाऱ्या मुलासमोर वकिली होती, सरकारी नोकरी होती. फारसी घेऊन त्यातले काहीच जवळ येत नव्हते. मग फारसी कशासाठी? पुढे त्यांनी आयुष्यभर जे केले त्यावरून मला एकच उत्तर दिसते. फारसीत कविता होती. हाफिज होता, सादी होता, उमर खय्याम होता, आणि हे सगळे मूळ भाषेत वाचायचे तर भाषा शिकण्यावाचून इलाज नव्हता.

वाचायला आवडते म्हणून साहित्य घेणे म्हणजे काय, हे या निवडीवरून कळते. आवडते ते सोपे म्हणून घेतले, असे आपल्याकडे समजतात. माधवरावांनी आवडते ते अवघड असूनही घेतले. उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी लिपी, वेगळे व्याकरण, आणि घरात विचारायला कोणी नाही. १९१८ मध्ये ते एम. ए. झाले आणि त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवू लागले. वय चोवीस.

पुण्यात त्यांचे दिवस बहरले. १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झाले. यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे अशी मंडळी चहाच्या निमित्ताने जमत, एकमेकांना कविता वाचून दाखवत, टीका करत आणि मग मंडळाच्या नावाने पुस्तके काढत. कविता छापील पानावरून उचलून सभेत, गाऊन, लोकांच्या कानावर घालायची प्रथा या मंडळाने रुजवली. आपल्या स्नेहसंमेलनात काव्यगायनाची स्पर्धा असायची, तिचे मूळ शोधत गेलात तर या चहाच्या टेबलापाशी पोचाल.

‘जूलियन’ हे नावही वाचनातूनच आले. इंग्रजी साहित्यातल्या एका पात्राचे नाव त्यांनी उचलले आणि आपल्या नावापुढे लावले. आपल्याकडे टोपणनाव घेणारे कवी पुष्कळ झाले, केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज. पण त्यांनी घेतलेली नावे इथल्याच मातीतली. पटवर्धनांनी सरळ परदेशी पुस्तकातले नाव घेतले. त्याची चेष्टा होणार हे त्यांना कळत नसेल असे नाही. चेष्टा झालीही. १९२५ मध्ये आचार्य अत्र्यांचे ‘झेंडूची फुले’ आले आणि त्यात रविकिरण मंडळाच्या कवींची यथेच्छ टर उडवली गेली. माधव जूलियनांच्या कवितेत तेव्हा फारसी शब्दांची रेलचेल असे. विडंबनकाराला आणखी काय पाहिजे?

पण याच काळात त्यांनी मराठीला एक मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे गझल. ते तिला गज्जल म्हणत. फारसीत ज्या आकृतिबंधात शेकडो वर्षे कविता लिहिली गेली, त्याची वृत्ते, त्याचा काफिया, त्याचा रदीफ त्यांनी जाणीवपूर्वक मराठीत आणला. पुढे १९३३ मध्ये ‘गज्जलांजलि’ हा संग्रह निघाला. आजच्या कसोटीला त्यातल्या कित्येक रचना पूर्ण गझला ठरत नाहीत. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहतो, यांच्या रचनेत मात्र भावगीतासारखा एकच विचार पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतो. ती कसर पुढे सुरेश भटांनी भरून काढली. पण जमीन नांगरून ठेवली होती ती फारसीच्या या प्राध्यापकाने.

आता गोष्टीचा अवघड भाग. १९२४ मध्ये फर्ग्युसनमधली नोकरी सुटली. त्यांच्या खाजगी आयुष्यावरून पुण्यात चर्चा उठली होती, प्रेमप्रकरणाचा बोभाटा झाला होता, आणि त्या काळच्या पुण्यात शिक्षकाला असा बोभाटा परवडण्यासारखा नव्हता. कोण किती चुकले याचा निवाडा शंभर वर्षांनी मी करणार नाही. परिणाम एवढाच सांगते. तीस वर्षांचा माणूस, मानाची जागा गेलेली, गावात नाव झालेले पण नको त्या कारणाने, आणि हातातला विषय असा की फारसीचा प्राध्यापक दुसरीकडे कुठे पाहिजे, असे विचारत फिरायची सोय नाही. काही काळ त्यांनी शाळेत शिकवले. कॉलेजातली नोकरी पुन्हा मिळायला १९२८ साल उजाडले.

मधली चार वर्षे. वाचनाच्या आवडीपायी विषय निवडणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जी भीती असते, ती इथे अक्षरशः खरी झाली होती. माझ्या आईची तीच भीती होती, आणि शेजारच्या काकूंच्या त्या प्रश्नात तीच होती. यातून पोट भरले नाही तर? माधवरावांचे भरण्याची पंचाईत झाली. तेव्हा त्यांनी काय केले?

नुसत्या तारखा ओळीने वाचा. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला. १९२६ मध्ये ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य. १९२७ मध्ये ‘छंदोरचना’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती. १९२८ मध्ये ‘सुधारक’ हे दुसरे खंडकाव्य. नोकरीची घडी विस्कटलेल्या चार वर्षांत चार पुस्तके, आणि त्यातली दोन तर अशी की एकेकाला माणसाचे अर्धे आयुष्य जावे.

कोशाचेच घ्या. शिवकालातली आणि पेशवाईतली पत्रे, फर्माने, महजर वाचायचे तर फारसी शब्दांशिवाय पाऊल पुढे पडत नाही. राजवाड्यांपासून इतिहासाच्या अभ्यासकांनी दप्तरे धुंडाळून कागद बाहेर काढले होते, ते वाचणाऱ्यांना असा कोश हवाच होता. हाफिज वाचण्यासाठी शिकलेली भाषा अशी इतिहासाच्या उपयोगी आली. आवडीपोटी शिकलेले कधी आणि कुणाच्या कामी येईल, याचा हिशेब आधी मांडता येत नाही, तो असा.

‘छंदोरचना’ म्हणजे मराठी पद्याचे शास्त्र. आपल्याला नववीत बाकावर बोटे आपटून लघु-गुरू मोजायला लावायचे, ‘यमाताराजभानसलगा’ पाठ करून घ्यायचे आणि भुजंगप्रयातात चार यगण असतात हे लिहिले की एक मार्क मिळायचा. आपल्या दृष्टीने वृत्ते म्हणजे एवढेच. माधवरावांनी त्यात कितीतरी मोठे कोडे पाहिले. संस्कृतातून आलेल्या वृत्तांत कोणत्या जागी लघु आणि कोणत्या जागी गुरू हे ठरलेले असते. जातींमध्ये मात्रांची गोळाबेरीज चालते. पण आपली जात्यावरची ओवी आणि तुकोबांचा अभंग या दोन्हींत बसत नाहीत. तिथे अक्षर लघु आहे की गुरू याला महत्त्वच नाही, म्हणणारा ते लांबवून घेतो. मग त्याला नियम नाही म्हणायचे का? माधवरावांनी छंद, जाती आणि वृत्त अशी तिन्हींची शिस्तशीर मांडणी केली. शेकडो रचना मोजून, त्यांची लय कानाने तपासून, नावे देऊन. पंडितांचा श्लोक आणि बायकांची ओवी एकाच ग्रंथात, एकाच शास्त्राखाली आली. पुढे दहा वर्षे ते या ग्रंथावर काम करत राहिले आणि १९३७ मध्ये त्याची वाढवलेली, सुधारलेली आवृत्ती काढली. आजही कोणी मराठी वृत्तांवर चार ओळी लिहायला बसले, की हा ग्रंथ उघडावाच लागतो.

१९२८ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांना जागा मिळाली आणि शेवटपर्यंत ते तिथेच राहिले. लीलाबाईंशी त्यांचा संसार सुरू झाला. कोल्हापूरच्या काळात त्यांनी उमर खय्याम मराठीत आणला, आणि तोही एकदा आणून थांबले नाहीत. जगाला खय्याम ठाऊक झाला तो एडवर्ड फिट्झेराल्डने १८५९ मध्ये केलेल्या इंग्रजी रूपांतरामुळे. ते रूपांतर सुंदर आहे, पण फिट्झेराल्डने मुळात बरीच उलथापालथ केली, तुकडे जोडले, आपल्या मनाचेही घातले. माधवरावांना इंग्रजीही येत होते आणि फारसीही. १९२९ मध्ये त्यांनी मूळ फारसीवरून रुबायांचे मराठी भाषांतर केले. नंतर १९३१ मध्ये ‘द्राक्षकन्या’ काढले, ते फिट्झेराल्डच्या इंग्रजीवरून. एकाच कवीचे दोन चेहरे त्यांनी वाचकासमोर शेजारीशेजारी ठेवले. खय्यामने काय लिहिले ते हे, आणि इंग्रजाने त्यातून काय घडवले ते ते. कॉलेजात जे दोन विषय घेतले होते ते दोन्ही इथे एकत्र आले. पंधरा वर्षांपूर्वी त्या मुलाने केलेली विचित्र निवड नसती, तर हे काम मराठीत त्या वेळी दुसऱ्या कुणाला करता आले असते, असे मला वाटत नाही.

आणि मग त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट घडली. फारसीवर पोसलेला हा माणूस भाषाशुद्धीचा कडवा पुरस्कर्ता झाला.

सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना मराठीतून अरबी-फारसी आणि इंग्रजी शब्द हटवण्याची चळवळ सुरू केली होती. दिनांक, महापौर असे आज आपण सहज वापरतो ते शब्द घडवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. माधव जूलियन या चळवळीत मनापासून उतरले. आपल्या जुन्या कवितांतले फारसी शब्द काढून त्या जागी मराठी-संस्कृत शब्द घालू लागले. १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक लिहिले. ज्या माणसाने फारसी-मराठी कोश केला, त्यानेच तेरा वर्षांनी फारसी शब्दांना दार दाखवायचे पुस्तक लिहावे!

शिकवताना मी या जागी नेहमी अडखळायचे. मुले विचारत, मग आधीचे खोटे की नंतरचे? मी म्हणे, तुमच्या शाळेतलेच शब्द मोजा. हजेरी, दप्तर, कागद, शाई, खुर्ची, रजा, आणि गुरुजी खूश झाले की शाबास. हे सगळे शब्द फारसीतून किंवा फारसीच्या वाटेने अरबीतून आपल्याकडे आलेले. ते काढले तर शाळेत उरेल काय? मला स्वतःला माधवरावांची ही भूमिका पटत नाही. शब्द चारशे वर्षे घरात राहिला की तो घरचाच. तरीही त्यांच्या मनातली कळ मला समजते. भाषा मेली तर तिची कविताही जाते, हे त्यांनी फारसीच्या उदाहरणावरून जवळून पाहिले होते. दरबार गेला आणि हिंदुस्थानातली फारसी हळूहळू पुस्तकात जाऊन बसली. इंग्रजीच्या राज्यात मराठीचे तेच होईल, ही धास्ती त्यांना वाटली असेल तर ती वेड्याची नव्हती. ‘मायबोली’च्या कवितेतही ती धास्ती आहे. आज तिला राज्य नाही, तरी आम्ही तिला वैभवाला नेऊ, असे ती कविता म्हणते. उन्हात उभे राहून आपण ते म्हटले, पण त्यामागची काळजी लहानपणी कळायची नव्हती.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. निवृत्तीनंतर एक दिवस घरी काम करताना मी ‘प्रेमस्वरूप आई’ गुणगुणत होते. आमच्या घरी काही दिवस राहायला आलेली भाची दुसऱ्या खोलीत ‘सारे जहाँ से अच्छा’ची तयारी करत होती. थोड्या वेळाने लक्षात आले, की मी माझी कविता तिच्या चालीवर म्हणते आहे आणि एक अक्षर इकडचे तिकडे होत नाही. कागद घेऊन लघु-गुरू मांडले. दोन्हींचे तंतोतंत एक. तुम्हीही करून पाहा, स्नेहमेळाव्याला जेवणाच्या रांगेत उभे असताना करा. इक्बालची ती उर्दू रचना फारसी वृत्तपरंपरेतली, आणि आपली आईची कविता त्याच वृत्तातली. मराठीत त्याला आनंदकंद म्हणतात.

म्हणजे पाहा. कवितेतले शब्द बहुतेक सगळे घरचे, मराठी नाहीतर संस्कृत. विषय तर असा की त्याहून मराठी काही नाही. लहानपणीच आई गेलेले मूल म्हणते, माझी आबाळ झाली नाही, पण मला आई हवी, आणि तिचा चेहराही आठवत नाही. पण ज्या पावलांनी ती कविता चालते ती पावले फारसी गझलेची आहेत. त्या मधल्या रांगेतल्या दोघी जिच्यामुळे रडत होत्या ती लय शिराझ-इस्फहानकडची होती, आणि आपल्यापैकी कुणाला ते माहीत नव्हते. माहीत असायची गरजही नव्हती.

‘मायबोली’ची कविता भुजंगप्रयातात आहे, आपल्या मनाच्या श्लोकांचे वृत्त. रामदासांनी ते संस्कृतातून घेतले. पण फारसीत ‘मुतकारिब’ नावाचे एक वृत्त आहे, त्याचीही चाल तीच, एक लघु दोन गुरू, एक लघु दोन गुरू. फिर्दौसीने आपले अवाढव्य ‘शाहनामा’ शेवटचे एक अक्षर तोडून याच चालीत लिहिले. जन्मभर दोन्हीकडची वृत्ते मोजत बसलेल्या माधवरावांना हे दिसले नसेल हे शक्य नाही. शब्दांना त्यांनी दाराबाहेर काढले, पण लय काढता आली नाही, किंवा काढावीशी वाटली नाही. वाचलेले माणसाच्या आत कुठे जाऊन बसते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. मते बदलतात, शब्द बदलतात, पण विशीत जे जीव लावून वाचले ते कानात राहते.

१९३६ मध्ये जळगावला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्याबद्दल पुण्यात कुजबुज होत होती, त्यांना मराठी साहित्याने अध्यक्षाची खुर्ची दिली. १९३८ मध्ये ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. मराठीसाठी दिलेली ती पहिली डी. लिट. त्याच वर्षी ‘तुटलेले दुवे’ हा सुनीतांचा संग्रह आला. सगळे जागेवर आले असे वाटावे तोच, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, ते गेले. वय पंचेचाळीस. खय्यामवरचे त्यांचे आणखी एक पुस्तक, ‘मधुलहरी’, ते गेल्यावर प्रसिद्ध झाले.

लीलाबाईंनी पुढे त्यांच्या आठवणी लिहिल्या. पुस्तकाचे नाव ‘आमची अकरा वर्षे’. नाव वाचूनच पोटात कालवते. आपल्या वर्गातल्या ज्या मैत्रिणींच्या वाट्याला असा मोजकाच संसार आला, त्यांना त्या आकड्याचा अर्थ मी सांगायला नको.

आता हिशेब. वाचनाच्या आवडीने विषय निवडला म्हणून माधवरावांचे आयुष्य सुखाचे झाले का? नाही. चार वर्षे हाल झाले, चेष्टा झाली, आयुष्यही कमी मिळाले. पण वाईट दिवस आले तेव्हा त्यांच्याकडे करायला काम होते, आणि ते काम कुणी देण्याची वाट पाहावी लागली नाही. कोश मनात होता, वृत्ते कानात होती. नोकरी गेली तरी विषय गेला नाही. माझ्या पस्तीस वर्षांच्या शिकवण्यात मी विद्यार्थ्यांना याहून मोठे आश्वासन कधी दिले नाही. खोटे दिले नाही याचे समाधान आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची नातवंडे आता त्याच दाराशी उभी आहेत. त्यातले एखादे पोर जेवतानाही पुस्तक सोडत नसेल आणि उद्या म्हणेल, मला साहित्य घ्यायचे आहे. हो म्हणा असे मी सांगत नाही, घरची परिस्थिती ज्याची त्याला ठाऊक. एवढेच करा, त्याला विचारा की त्या आवडीपायी एखादी अवघड लिपी शिकशील का, कोणी विचारत नसताना दहा वर्षे एकाच पुस्तकावर बसशील का. ते पोर थोडा विचार करून हो म्हणाले, तर मार्क चांगले आहेत ना, हा प्रश्न मात्र विचारू नका.

पेढा पूर्ण खा.